नऊ चोरखिशांचा कोट

माझा नवरा लोकांच्या मनातलं ओळखतो आणि स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय ते मला विचारतो. हा टोमणा मी चौतीस वर्षं मारत आले, कारण चष्माही चौतीस वर्षं हरवत आलाय. बाहेर त्यांना सगळे ‘मनकवडे’ म्हणतात. शाळा, ग्रंथालयं, कचेऱ्यांची स्नेहसंमेलनं, जिथून बोलावणं येईल तिथे जाऊन ते मनातला रंग ओळखतात, टाळ्या घेतात आणि घरी येऊन, भाजीत मीठ कमी आहे हे मला कळू नये म्हणून गुपचूप जेवतात. मला कळतंच. मग खरा मनकवडा कोण, हे तुम्हीच ठरवा.

मी शिंपीण आहे. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान. नवे कपडे आता फारसं कोणी शिवून घेत नाही; उसवलेलं शिवायचं, सैल झालेलं आटवायचं, पँटची लांबी कमी करायची, हेच काम. त्यांचा प्रयोगाचा कोटही माझ्याच हातचा. बाहेरून साधा काळा कोट, पण आत अस्तराला नऊ चोरखिसे. प्रत्येकात एकेक घडी घातलेली चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर एकेक रंग. समोरचा माणूस कागदावर रंग लिहितो तेव्हा हे पेन्सिलीच्या वरच्या टोकाकडे बघतात. टोक कसं हलतं त्यावरून अक्षरं ओळखायची, बोलता बोलता हात कोटात घालायचा, बोटांनी खिसे मोजायचे आणि नेमकी चिठ्ठी बाहेर काढून उंच धरायची. मग विचारायचं, “आता मोठ्यांदा सांगा, कोणता रंग?” बस, एवढंच. हे मी तुम्हाला सांगतेय ते त्यांच्या परवानगीने.

कोणी दहावाच रंग लिहिला तर काय, असं मी लग्न नवीन असताना विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले, “मग ‘तुमचं मन फार खोल आहे’ म्हणायचं आणि दुसऱ्याला बोलवायचं.” मनाची खोली सांगितली की माणूस खूश होऊन जागेवर जाऊन बसतो. एक गोष्ट मात्र त्यांनी कधीच केली नाही. प्रेक्षकांत आपला माणूस बसवायचा नाही. ती त्यांना चोरी वाटते. नऊ चोरखिसे चालतात, पण आपला माणूस नाही. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आमच्या घरात आणखी एक रीत होती. माझी जवळची नजर गेली तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की हे माझ्यासाठी दहा सुया ओवून ठेवत. पाच काळ्या दोऱ्याच्या, पाच पांढऱ्या. उशीला ओळीने टोचलेल्या त्या सुया बघितल्या की माझा दिवस सुरू व्हायचा. सात महिन्यांपूर्वी एका सकाळी त्या दहा सुयांना पाऊण तास लागला. मी दाराआडून बघत होते. दोरा नेढ्याच्या डावीकडून जात होता, मग उजवीकडून, आणि यांचा उजवा हात काही ऐकत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “अहो, मोठ्या नेढ्याच्या सुया आल्यात बाजारात. आता माझं मीच ओवेन.” त्यांनी नुसतं “बरं” म्हटलं. त्या “बरं”मध्ये किती सुटका होती, ते मला ऐकू आलं.

पुढे चहाचा कप बशीवर वाजायला लागला. दीड महिन्यापूर्वी तो पाहुण्यांसमोर सांडला, तेव्हा मी उघड बोलले.

“डॉक्टरांना दाखवू या.”

“दमलोय जरा. बाकी काही नाही.”

“दमलेला माणूस झोपतो. त्याचा हात एकटाच जागा राहत नाही.”

त्यावर ते वर्तमानपत्रात शिरले. उलटं धरलं होतं, तरी शिरले.

अशात आमची लेक चार दिवसांसाठी आली. ती गाद्यांच्या कंपनीत आहे. दुकानातल्या माणसांना विक्री कशी करायची ते शिकवते. गिऱ्हाईक एकदा गादीवर आडवं झालं की अर्धी गादी विकली गेली, असं तिचं शास्त्र. बापाचा हात तिनेही बघितला होता, पण मी डोळ्यांनी दटावल्यामुळे ती गप्प होती. तरी हुशारच, तिने दुसरीकडून सुरुवात केली.

“बाबा, खिशांची भानगड कशाला? माणसाला हवा तो रंग त्याच्याच तोंडून वदवता येतो. आधी त्याला काहीतरी छोटं द्यायचं, म्हणजे आपण तुमचं देणं लागतो असं त्याला वाटतं. मग दोन-तीन सोप्या प्रश्नांना ‘हो’ म्हणायला लावायचं. ‘हो’ची सवय लागते. आपल्याला हवी ती गोष्ट आधीच त्याच्या डोळ्यांपुढून दोन-चारदा न्यायची. आणि शेवटी घाई करायची.”

“आणि तो ‘निळा’ म्हणणार?”

“बरेच जण म्हणतील.”

“बरेच म्हणजे?” मी विचारलं. “तू गादीवर दहा जणांना आडवं करतेस. चार उठून गेले तरी सहा गाद्या खपल्या. यांच्यासमोर एकच माणूस असतो गं, आणि तो उठून गेला की दीडशे लोक बघतात.”

पण यांच्या डोळ्यांत चमक आली होती. मला कळलं का ते. या नव्या तऱ्हेत हाताला कामच नव्हतं. आधीच एका पाकिटात ‘निळा’ लिहून ते सगळ्यांसमोर टांगायचं आणि पुढचं सगळं जिभेवर सोपवायचं. जीभ अजून ठणठणीत होती.

पुढचे दोन आठवडे आमच्याकडे येणाऱ्या कोणाचीच धडगत नव्हती. पँट आखूड करायला आलेला माणूस निळ्या पेन्सिलीने रंग लिहूनच बाहेर पडायचा. चौदा जणांवर प्रयोग झाला. नऊ जणांनी निळा लिहिला. पाववाल्याने नारिंगी लिहिला आणि वर विचारलं, “का हो, निळा लिहायचा होता का?” यांनी तो मोजलाच नाही. म्हणाले, “त्याचं लक्ष नव्हतं.” लक्ष फारच होतं, असं माझं मत.

ग्रंथालयाच्या वार्षिक संमेलनात त्यांचा प्रयोग दरवर्षी असतो. रविवारी, संध्याकाळी पाचला. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते कोट घेऊन माझ्या यंत्राशी आले.

“हे सगळे खिसे शिवून टाक. चिठ्ठ्या काढ आणि पक्की टीप घाल. मी लोकांना अस्तर उघडून दाखवणार आहे, आत काही नाही म्हणून.”

“आणि फसलं तर?”

“फसणार नाही.”

“पण फसलं तर?” मी यंत्रावरून पाय काढला. “फसलं, तर सोमवारी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं. गप्प यायचं, तिथे विनोद करायचे नाहीत.”

त्यांनी कोट माझ्या यंत्रावर ठेवला. “आणि जमलं तर तू हा विषय काढायचा नाहीस. कधीच.”

“कबूल.”

आता बघा, पैज माझ्या बाजूची होती. प्रयोग फसला की मला हवं ते मिळणार होतं. शहाण्या बाईने खिशांवर यंत्राची पक्की टीप मारली असती आणि देवाला हात जोडले असते, फसू दे म्हणून. मी काय केलं? चिठ्ठ्या आतच राहू दिल्या आणि हाताने कच्चा टाका घातला. अस्तराच्याच रंगाचा दोरा, बारीक टाके, बघणाऱ्याला पक्की शिवणच वाटावी. टोकाला गाठ मारली नाही. बोट लावून ओढलं की खिसा उघडा. मला त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं, अगदी फरफटत न्यायची तयारी होती. पण दीडशे लोकांसमोर त्यांचं तोंड उतरलेलं मला बघवणार नव्हतं. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत हे मला त्या दुपारीही कळत होतं, आणि तरी नऊच्या नऊ खिसे मी तसेच शिवले.

रविवारी सभागृह भरलं. मी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत कडेला, मांडीवर सुईदोऱ्याचा डबा घेऊन. यांनी निळा टाय लावला होता, वरच्या खिशात निळा रुमाल. पाकीट चिमट्याने दोरीला टांगलं. कोट उघडून अस्तर दाखवलं. माझे कच्चे टाके कोणालाच दिसले नाहीत. मग त्यांनी तिसऱ्या रांगेतल्या एका आजींना वर बोलावलं. ठेंगण्या, पांढरे केस, खांद्याला लोकरीची विणलेली पिशवी.

“आधी ही तुम्हाला भेट,” म्हणत यांनी निळी पेन्सिल पुढे केली. “तुमचीच. घरी न्या.”

“अगं बाई! थँक्यू हं.”

“तुम्ही इथे नेहमी येता?”

“हो.”

“पुस्तकं वाचता?”

“हो.”

“आज हवा छान आहे नाही?”

“हो हो.”

मग त्यांनी आवाज खाली आणला. खिडकीबाहेरचं मोकळं आकाश दाखवलं, समुद्राच्या काठी शांत उभं राहिल्याची कल्पना करायला सांगितली, रुमालाने कपाळ टिपलं. बोलणं इतकं गोड की मला स्वतःला डोळे मिटावेसे वाटले. “आणि आता कोणताही रंग. पहिला येईल तो. पटकन!”

आजींनी कागद तळहातावर धरला आणि लिहिलं. मी पेन्सिलीकडे बघत नव्हते, मी यांच्याकडे बघत होते. टोक दोन-तीनदा हललं आणि यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या कोणाला तो दिसला नसेल. मला दिसला. आजींनी निळा लिहिला नव्हता.

चौतीस वर्षांची सवय. हात आपोआप कोटात गेला. बोट शिवणीला लागलं, आणि शिवण सुटली. त्या क्षणी यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपल्या माणसाने आपलं ऐकलं नाही आणि बरं झालं ऐकलं नाही, असं दोन्ही त्या नजरेत होतं. खिसा उघडला, चिठ्ठी बोटांखाली असणार. पण हात बाहेर येईना. आधी नुसती बाही थरथरली, मग कोटाची सगळी उजवी बाजू फडफडायला लागली, आत चिमणी कोंडल्यासारखी. यांनी डाव्या हाताने उजवा हात धरला. मागे कोणीतरी खोकलं. दोष माझाच होता. मी पक्की टीप घातली असती तर हात आत गेलाच नसता. मी डबा घट्ट धरून बसले आणि उठायचंही मला सुचलं नाही.

उठायची गरजच पडली नाही. आजी दोन पावलं पुढे आल्या. यांच्या कोपराला त्यांनी असा काही हात लावला, जणू स्वतःलाच आधार हवा होता, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “निळा! मी निळा लिहिलाय. उघडा तुमचं पाकीट!” मग थांबल्याच नाहीत. स्वतः चिमटा काढला, पाकीट फाडलं आणि चिठ्ठी लोकांपुढे धरली. निळा. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

प्रयोग संपल्यावर सामान आवरताना मला आजींच्या खुर्चीखाली कागदाचा बोळा सापडला. उलगडला. त्यावर गोल अक्षरांत ‘हिरवा’ लिहिलं होतं. मी सामान तसंच टाकून बाहेर पळाले. आजी पायऱ्या उतरत होत्या, एकेक पायरी, कठड्याला धरून.

“आजी, तुम्ही हिरवा लिहिला होता.”

“लिहिला असेल.”

“मग निळा का म्हणालात?”

“त्यांना निळा हवा होता ना?” त्या हसल्या. “इतका जीव तोडून सांगत होते गं. आकाश काय, समुद्र काय, रुमाल काय! मला काय कळत नाही? कळलं म्हणूनच मुद्दाम हिरवा लिहिला. म्हटलं, बघू काय करतात. जरा गंमत.” मग त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “पण मग तो हात बघितला. आमच्या ह्यांचा असाच होता. शेवटी शेवटी कप मी धरायचे. लवकर दाखवलं असतं तर थोडे दिवस बरे गेले असते, असं वाटतं कधीकधी. तुम्ही दाखवलंत का?”

“नाही अजून,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि निळी पेन्सिल सांभाळत त्या गेल्या.

कागद माझ्या मुठीत होता. तो पुढे केला असता तर पैज मी जिंकले असते. घरी पोचेपर्यंत वीस मिनिटांची वाट, आणि वीस मिनिटं मी मनात तोच हिशेब घालत होते. दाखवला तर हे डॉक्टरांकडे येतील; पण आजचा प्रयोग एका अनोळखी बाईच्या दयेवर पार पडला हे कळून येतील. न दाखवला तर ताठ मानेने घरी बसतील आणि हाताचं दुखणं वाढत जाईल. मी कागद माझ्या पैशांच्या पाकिटात टाकला आणि पाकीट पिशवीत खोल खुपसलं. उद्या बघू, म्हटलं. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

घरी आल्यावर लेकीचा फोन आला. यांनी तो मलाही ऐकू येईल असा लावला.

“बाबा, चालल्या का माझ्या युक्त्या?”

“चालल्या.”

“म्हणजे निळा म्हणाल्या?”

“म्हणाल्या.”

“बघ आई! मी सांगत नव्हते?”

मी “हो गं बाई” म्हटलं आणि चहा ठेवायला वळले. फोन बंद झाला. मागून आवाज आला, “आता तो कागद दे.”

“कसला कागद?”

“पाकिटातला. पाकीट पिशवीत. पिशवी आल्यापासून तू खांद्यावरून काढली नाहीस.”

मी वळून बघितलं. ते खुर्चीत बसले होते, कोट मांडीवर, उजवा हात कोटाखाली.

“हिरवा होता,” ते म्हणाले. “पेन्सिल मला स्पष्ट दिसली. डोळे अजून शाबूत आहेत.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“काय बोलू? माझ्या कोपराला धरलं होतं त्यांनी. घट्ट.” त्यांनी डाव्या हाताने कोट सारखा केला. “जन्मभर प्रेक्षकांत आपला माणूस बसवला नाही मी. आज बसला होता आणि मलाच माहीत नव्हतं. लेकीच्या युक्तीने एकही गोष्ट झाली नाही गं. माझं आकाश आणि माझा समुद्र त्या बाईने हाणून पाडला. तिला पटवलं ते ह्याने.” त्यांनी कोटाखालून हात काढला आणि मला दाखवला. सात महिन्यांत पहिल्यांदा, आपण होऊन. “आणि ह्याला मी लपवत होतो.”

मग कोट माझ्यापुढे धरला. हिरव्याच्या खिशापाशी दोरा लोंबत होता.

“पक्की टीप घाल म्हटलं होतं तुला.”

“म्हटलं होतंत.”

“पैज तुझ्या फायद्याची होती.”

“होती.”

“तरीही?”

“तरीही,” मी म्हटलं आणि मला रडू आलं. डाग पडतात म्हणून शिवणाऱ्या बाईने कपड्यावर रडू नये. मी कोट बाजूला ठेवला आणि मग रडले.

“पैज मी हरलो,” ते म्हणाले. “उद्या जाऊ.”

सोमवारी डॉक्टरांनी त्यांना हात पुढे धरायला लावले, बोटं मिटायला-उघडायला लावली, कागदावर ओळ लिहून घेतली. आणखी तपासण्या कराव्या लागतील म्हणाले, औषधं आहेत म्हणाले, वेळेवर आलात म्हणाले. मग विचारलं, “कधीपासून होतंय?”

“दीडेक महिना,” हे म्हणाले. “कप सांडला तेव्हापासून.”

“सात महिने,” मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे मान वळवली. “सात?”

“सुयांपासून.”

“पण सुया तर तुला... त्या मोठ्या नेढ्याच्या आल्या होत्या ना?”

“तशा सुया नव्हत्याच. जुन्याच त्या.”

“मग इतके दिवस ओवत कोण होतं?”

“मीच. एकेका सुईला दहा-दहा मिनिटं. रोज एखाद-दुसरी, तुम्ही आंघोळीला गेलात की.”

चौतीस वर्षं लोकांच्या मनातलं ओळखणारा तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. काहीतरी विनोद ओठांवर आला असावा, कारण ओठ हलले. पण विनोद करायचे नाहीत असं ठरलं होतं. डॉक्टर कागदांत डोकं घालून बसले. मग हे त्यांना म्हणाले, “सातच लिहा. ही म्हणते ते बरोबर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी सुयांची उशी पुढे ओढली. मी सुई धरली, तिच्यामागे पांढरं कापड धरलं म्हणजे त्यांना नेढं दिसेल. दोरा त्यांनी धरला. मला नेढं दिसत नव्हतं आणि त्यांचा हात थांबत नव्हता. “डावीकडे,” ते सांगत, आणि मी सुई डावीकडे नेईपर्यंत दोरा उजवीकडे गेलेला असे. शेवटी मी त्यांचं मनगट धरलं, त्यांनी माझं बोट धरलं. दुकान उघडायच्या वेळेपर्यंत तीन सुया झाल्या. दोन काळ्या, एक पांढरी. त्या दिवशी दुकान मी उशिरा उघडलं.